फाशीची कोठडी आणि कायद्याचे गुरुजी

धुळ्याच्या तुरुंगाचे नाव मराठी वाङ्मयात एका पवित्र कारणाने राहिले आहे. १९३२ साली विनोबांनी तेथे रविवारच्या रविवारी गीतेवर प्रवचने दिली, साने गुरुजींनी ती टिपून घेतली, आणि बंदिवानांसमोर बोललेले ते शब्द पुढे घराघरांत पोहोचले. देवपुरात कोणी पाहुणा आला, की पांझरेच्या पुलावरून शहराकडे बोट दाखवून ही हकीकत आम्ही अभिमानाने सांगतो. मात्र आज तुरुंगांत कोण माणसे आहेत, ती तेथे कशी गेली, त्यांचा वकील कोण, याची विचारपूस आमच्यापैकी कोणी केल्याचे ऐकिवात नाही. आम्हीही केली नव्हती.

उलट, एक कबुली आरंभीच दिलेली बरी. २०१६ च्या जुलै महिन्यात कोपर्डी येथे एका शाळकरी मुलीची विटंबना करून तिचा खून झाला. कोपर्डीचा जिल्हा अहमदनगर (त्याचे नाव आता अहिल्यानगर) आमच्याच नाशिक धर्मप्रांतात येतो. त्या वर्षी जिल्ह्याजिल्ह्यांतून प्रचंड मूक मोर्चे निघाले. गुन्हेगारांना फाशी व्हावी ही त्यांतील एक मागणी होती. मिस्सा संपल्यावर देवळाच्या आवारात चहाचे पेले हाती घेऊन आम्ही सारे तेच बोलत होतो. एका निवेदनावर सह्या घेण्यात आल्या आणि आमचीही सही त्यावर पडली. आरोपी कोण, त्यांचा खटला अजून उभा राहायचा आहे, हे प्रश्न त्या वेळी मनाला शिवलेसुद्धा नाहीत. संताप खरा होता आणि त्यामागचे दुःखही खरे होते. पुढे नोव्हेंबर २०१७ मध्ये सत्र न्यायालयाने तिघांना फाशीची शिक्षा फर्मावली, तेव्हा आवारातील चहा थोडा अधिक गोड लागला असावा.

ज्या ग्रंथाविषयी आज लिहावयाचे आहे, तो त्याच वर्षी, त्या घटनेच्या दोन महिने आधी, मे २०१६ मध्ये दिल्लीत प्रसिद्ध झाला होता. ‘डेथ पेनल्टी इंडिया रिपोर्ट’ असे त्याचे नाव असून त्याचे दोन खंड आहेत. आमच्या हाती तो बऱ्याच उशिरा आला. धर्मग्रामातील कायद्याच्या एका विद्यार्थिनीने तो आणून दिला आणि ‘वाचून झाल्यावर बोलू’ एवढेच म्हणाली.

या अहवालामागची व्यक्ती म्हणजे कायद्याचे प्राध्यापक डॉ. अनुप सुरेंद्रनाथ. हैदराबादच्या नालसार विधी विद्यापीठात व त्यानंतर ऑक्सफर्ड येथे शिक्षण घेऊन ते दिल्लीच्या राष्ट्रीय विधी विद्यापीठात शिकवू लागले. २०१३ साली त्यांनी विद्यार्थ्यांना बरोबर घेऊन एक काम हाती घेतले, जे दिसायला साधे होते, पण तोवर कोणी केलेले नव्हते. देशात फाशीची शिक्षा झालेले कैदी किती, ते कोण, त्यांची घरे कोठे, त्यांचे खटले कसे चालले, हे त्यांना स्वतः भेटून विचारायचे असे त्यांनी ठरविले. ज्या शिक्षेवर संसदेत, न्यायालयांत आणि चहाच्या टपरीवर इतका वाद होतो, तिच्याखाली प्रत्यक्ष उभ्या असलेल्या माणसांची साधी मोजदादही धडपणे झालेली नव्हती. त्या काळात असे ३८५ कैदी आढळले आणि त्यांपैकी ३७३ जणांच्या मुलाखती झाल्या. विद्यार्थी तुरुंगांत गेले, तसेच कैद्यांच्या गावी, त्यांच्या आईवडिलांच्या आणि बायकामुलांच्या दारीही गेले.

अहवालातील आकडे आता पुष्कळांच्या परिचयाचे झाले आहेत. तरी आमच्या वाचकांसाठी त्यांतले थोडे देतो. चारांपैकी जवळजवळ तीन कैदी आर्थिकदृष्ट्या दुबळ्या घरांतले होते. सुमारे ७६ टक्के मागास वर्गांतील किंवा धार्मिक अल्पसंख्याकांतील होते. २३ टक्के कैद्यांनी शाळेचे तोंडही पाहिले नव्हते. देशभरात या कैद्यांपैकी साधारण चौथा हिस्सा अनुसूचित जाती-जमातींचा होता. आपल्या महाराष्ट्रात हे प्रमाण निम्मे होते. पोलिसांच्या कोठडीविषयी ज्यांनी तोंड उघडले, त्यांतील सुमारे ८० टक्के जणांनी छळ झाल्याचे सांगितले. आणि ज्या आकड्यापाशी आम्ही वाचताना थांबलो, तो असा: २००० ते २०१५ या काळात खालच्या न्यायालयांनी दिलेल्या फाशीच्या शिक्षांपैकी ज्यांचा शेवट कळू शकला, त्यांतल्या पाच टक्क्यांहूनही कमी शिक्षा सर्वोच्च न्यायालयापर्यंत टिकल्या. जवळजवळ तीस टक्के माणसे निर्दोष सुटली. दहा जणांना फाशी सांगायची आणि त्यांतल्या तिघांविषयी पुढे कबूल करायचे की ‘यांच्यावरचा गुन्हाच सिद्ध झाला नव्हता’, असा कारभार एखाद्या सहकारी पतपेढीत चालला असता तर सभासदांनी तिला कुलूप लावले असते.

येथे अहवालाचा एक मोठा गुण नोंदवला पाहिजे. एवढे आकडे हाती असताना कोणाही लेखकाला ओरडून बोलण्याचा मोह झाला असता. या अहवालाची भाषा मात्र कोठेही चढत नाही. न्यायालये जाणूनबुजून गरिबांना आणि दलितांना फासावर देतात असा आरोप तो करीत नाही. शिक्षेचे ओझे कोणाच्या खांद्यावर येऊन पडते तेवढे दाखवतो आणि बाजूला होतो. आमच्या धार्मिक लेखनात, ज्यात हे पानही आले, करुणेचे शब्द फार सढळ हाताने वापरले जातात. या दोन खंडांत ते जवळपास सापडत नाहीत. कैदी कसा पकडला गेला, त्याला वकील केव्हा मिळाला, वकिलाशी किती बोलणे झाले, न्यायालयात काय चालले आहे ते त्याला समजत होते काय, असे एकेक प्रश्न घेत अहवाल पुढे सरकतो. कैदी आणि त्यांची माणसे काय म्हणाली ते नावे बदलून मध्ये मध्ये येते. खटला सुरू असताना काय बोलले जाते आहे हे कळत नव्हते आणि कोणी सांगतही नव्हते, असे त्यांतील पुष्कळांचे म्हणणे आहे. ज्या माणसाच्या जिवाविषयी बोलणे चालू आहे, तोच खोलीत बहिऱ्यासारखा उभा, हे चित्र आम्हाला कोणत्याही कादंबरीत इतक्या स्पष्टपणे दिसले नाही.

अहवालाचे खरे मोल समजण्यास कायद्याची थोडी पार्श्वभूमी लागते. १९७३ च्या फौजदारी प्रक्रिया संहितेने न्यायाचे दोन टप्पे पाडले. माणसाने गुन्हा केला की नाही हे आधी ठरवायचे, आणि ‘केला’ असे ठरल्यावर शिक्षा कोणती द्यायची यासाठी वेगळी सुनावणी घ्यायची. १९८० साली बच्चनसिंग खटल्यात सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने बहुमताने फाशी वैध ठरविली, पण ती दुर्मिळातील दुर्मीळ प्रकरणांपुरतीच. आणि ते ठरविताना गुन्ह्याइतकेच गुन्हेगाराकडेही पाहिले पाहिजे, असे बजावले. त्याचे वय, त्याचे घरदार, त्याच्या मनाची अवस्था, तो सुधारण्याची शक्यता, हे सारे न्यायासनासमोर यावे अशी अपेक्षा होती. नियम उत्तमच. पण हे न्यायासनासमोर आणायचे कोणी? सरकारी वकिलाचे ते काम नाही. आरोपीला फुकट मिळालेल्या वकिलाला ना वेळ असतो, ना त्याच्या गावी जाण्याचे भाडे. मग दुसरी सुनावणी पुष्कळदा त्याच दिवशी किंवा दुसऱ्या दिवशी उरकली जाते. आरोपी तरुण आहे, त्याला म्हातारी आई आहे, त्याचा हा पहिलाच गुन्हा आहे, अशी तीन वाक्ये होतात आणि माणसाचा जन्म तीन वाक्यांत संपतो.

पुण्यातील अपहरण आणि खुनाच्या एका प्रकरणात, २००९ च्या बरियार निकालात, खुद्द सर्वोच्च न्यायालयानेच मान्य केले, की १९९६ चा रावजी निकाल फक्त गुन्ह्याकडे पाहून दिला गेला होता; त्यात गुन्हेगाराचा विचार झालाच नव्हता आणि तो बच्चनसिंगच्या नियमाला धरून नव्हता. रावजीला मात्र १९९६ सालीच फाशी देऊन झाली होती.

सुरेंद्रनाथांनी आपल्या वर्गाला जे शिकविले ते या फटीत उतरून शिकविले. वैद्यकीय महाविद्यालयात जसा रुग्ण असतो, तसा कायद्याच्या शिक्षणात प्रत्यक्ष अशील असावा, ही कल्पना नवी नाही. अमेरिकेत अँथनी ॲमस्टरडॅम या प्राध्यापकांनी १९७२ च्या फर्मन खटल्यात तेथील फाशीच्या कायद्यांविरुद्ध युक्तिवाद केला आणि पुढे न्यूयॉर्क विद्यापीठात अशाच प्रत्यक्ष कामातून शिकवण्याची परंपरा रुजवली. आपल्याकडे भारतीय विधिज्ञ परिषदेने १९९७ साली प्रात्यक्षिकांचे विषय आणि कायदेशीर मदतीचे काम अभ्यासक्रमात सक्तीचे केले. सक्तीचे झाले म्हणजे काय झाले, हे आपण जाणतोच. एखाद्या खेड्यात शामियाना उभारायचा, ‘कायदेविषयक शिबिर’ असा फलक लावायचा, पाहुण्यांचा सत्कार करायचा, चारपाच म्हाताऱ्यांना पुढे बसवून छायाचित्र काढायचे आणि प्रात्यक्षिकाची वही भरून टाकायची! अशा एका शिबिराला आम्हीही प्रमुख पाहुणे म्हणून गेलो होतो; नारळ आणि शाल अजून घरी आहे.

दिल्लीच्या या वर्गातील विद्यार्थ्याला असले काही सुचण्यास वाव नव्हता. त्याच्यापुढे जो माणूस होता त्याच्या गळ्यात दोर पडायचा होता. त्याच्या घरी जायचे, आईपाशी बसायचे, बाळंतपण कसे झाले ते विचारायचे, लहानपणी डोक्याला मार लागला होता काय, शाळा कधी सुटली, बाप दारू पिऊन मारीत होता काय, उसाच्या तोडीला किंवा वीटभट्टीवर तो कितव्या वर्षी गेला, हे एका बैठकीत न विचारता चार भेटींत हळूहळू काढायचे. दवाखान्याचे कागद, शाळेचे दाखले, शिधापत्रिका गोळा करायच्या. मग त्या साऱ्यातून एका आयुष्याचा वृत्तान्त लिहायचा, जो न्यायाधीशाला वाचता येईल. त्यात खोटे काही चालत नाही आणि गुन्हा झाकताही येत नाही. आम्ही आयुष्यभर मराठी शिकविले. चरित्रलेखनाचा इतका कठीण धडा आम्ही कोणत्याही वर्गाला दिलेला नाही.

कामाचा ओघ संशोधनावरून वकिलीकडे वळला तो याच कारणाने असावा, असे आमचे वाचन सांगते. मरणाच्या दारात बसलेल्या माणसाकडून त्याची कथा लिहून घ्यायची आणि निरोप घेऊन निघून यायचे, हे किती दिवस करता येणार? विद्यापीठातील हे केंद्र पुढे ‘प्रोजेक्ट ३९ अ’ या नावाने ओळखले जाऊ लागले. पैशाअभावी कोणी न्यायाला मुकू नये, असे सांगणारे हे संविधानातील कलम १९७६ साली घातले गेले. केंद्राने कैद्यांची वकीलपत्रे घेतली. २०१७ साली ६० माजी सर्वोच्च न्यायालय न्यायाधीशांच्या मुलाखतींवर आधारलेला ‘मॅटर्स ऑफ जजमेंट’ हा दुसरा अहवाल आला; दुर्मिळातील दुर्मीळ म्हणजे काय, याविषयी त्या आसनावर बसलेल्यांचेही एकमत नाही, हे त्यातून दिसते. २०२१ सालच्या ‘डेथवर्दी’ या तिसऱ्या अहवालात ८८ कैद्यांच्या मनःस्थितीची तपासणी आहे. त्यांतील ६२ टक्के कोणत्या ना कोणत्या मानसिक आजाराने ग्रासलेले होते, आणि ११ टक्के बौद्धिकदृष्ट्या अक्षम. २०२५ मध्ये हे काम दिल्ली सोडून हैदराबादच्या नालसार विद्यापीठात ‘द स्क्वेअर सर्कल क्लिनिक’ या नावाने सुरू झाले. प्राध्यापक ज्या वर्गात शिकले तेथे शिकवायला परतले, असेच म्हणायचे.

मधल्या काळातील एक प्रसंग टाळता येणार नाही. सुरेंद्रनाथ सर्वोच्च न्यायालयात संशोधनविषयक उपनिबंधक या पदावरही होते. ३० जुलै २०१५ च्या पहाटेपर्यंत चाललेल्या सुनावणीनंतर याकूब मेमन यास नागपूरच्या तुरुंगात फाशी देण्यात आली, आणि त्यांनी त्या पदाचा राजीनामा दिला. १९९३ च्या मुंबईच्या स्फोटांत २५७ माणसे मेली होती. त्या माणसांच्या घरच्यांना हा राजीनामा कसा वाटला असेल? आमच्या ओळखीतील मुंबईचे एक कुटुंब त्या दिवसांची झळ अजून सोसते आहे. त्यांच्याशी या विषयावर बोलण्याचे धाडस आम्हाला झाले नाही. प्राध्यापकांचा राजीनामा आम्हाला प्रामाणिक वाटतो. पण त्या कुटुंबाच्या गप्पपणाला तो उत्तर देत नाही, हेही येथेच नोंदवतो.

या ग्रंथांवरचा आमचा मुख्य आक्षेप तेथूनच सुरू होतो. ज्यांचे माणूस मारले गेले, ते या पानांत जवळजवळ नाहीत. अभ्यासाची मर्यादा म्हणून हे समजू शकते. प्रत्येक पुस्तकाने सारे काही सांगावे असा हट्ट धरता येत नाही. पण वाचकाच्या मनात ती जागा रिकामी राहते आणि रिकाम्या जागेत राग येऊन बसतो. धर्मभगिनी हेलन प्रेजन यांचे ‘डेड मॅन वॉकिंग’ हे १९९३ चे पुस्तक आमच्या काही वाचकांनी वाचले असेल, १९९५ चा चित्रपट तर अनेकांनी पाहिला असेल. सुरुवातीला आपण मृतांच्या आप्तांकडे गेलो नाही ही चूक झाली, असे त्या भगिनींनी स्वतःच लिहिले आहे; आणि त्या चुकीमुळेच त्यांचे पुस्तक मोठे झाले, कारण त्यानंतर त्या दोन्ही घरांच्या पायऱ्या चढल्या. आमच्या देवपुरातून जो आग्रा रस्ता इंदूरकडे जातो, त्या इंदूरकडे निघालेल्या बसमध्ये २५ फेब्रुवारी १९९५ रोजी भगिनी राणी मरिया यांना भोसकून मारण्यात आले. २००२ साली त्यांच्या सख्ख्या बहिणीने तुरुंगात जाऊन मारेकऱ्याला राखी बांधली, आणि २००६ मध्ये तो सुटून बाहेर आला. ही हकीकत आपल्याकडे प्रवचनांत वरचेवर येते.

तरीही, दोन्ही उदाहरणे लिहून झाल्यावर आम्हाला वाटते, की आम्ही येथेच थोडे चुकतो आहोत. क्षमा करणे हा त्या बहिणीचा अधिकार होता. कोपर्डीच्या आईवडिलांच्या वतीने क्षमा करण्याचा अधिकार आम्हाला कोणी दिलेला नाही. सुरेंद्रनाथांचे काम तशी क्षमा मागतही नाही. आम्ही कॅथोलिक मंडळी अशा कामाला लगेच ‘बंदिवानांना भेटणे’ या दयाकृत्याच्या खान्यात टाकून मोकळे होतो. नाताळात तुरुंगात फराळ वाटला की तो खाना भरतो. या अहवालांत दयेची याचना फार थोडी आहे. ज्याला मारायचे ठरवता आहात तो कोण आहे हे आधी पाहा, एवढीच त्यांची मागणी आहे, आणि ती न्यायाची आहे. माणूस निर्दयी असला तरी ती त्याला नाकारता येत नाही.

पाहिले नाही म्हणजे काय होते, याची दोन उदाहरणे आपल्याच राज्यात आहेत. जून २००३ मध्ये जालना जिल्ह्यातील भोकरदन तालुक्यात शेतातील एका झोपडीवर दरोडा पडला. पाच माणसे मारली गेली, स्त्रियांवर अत्याचार झाले. भटक्या जमातींतील सहा मजूर पकडले गेले. सत्र न्यायालयाने सहाही जणांना फाशी सांगितली, उच्च न्यायालयाने तिघांची जन्मठेपेवर आणली, आणि २००९ साली सर्वोच्च न्यायालयाने पुन्हा सहाही जणांची फाशी कायम केली. मार्च २०१९ मध्ये त्याच सर्वोच्च न्यायालयाने त्या सहा जणांना निर्दोष सोडले. त्या भीषण रात्रीतून वाचलेल्या स्त्रीने गुन्ह्यानंतर लगेच पोलिसांकडील छायाचित्रांतून चार वेगळ्याच माणसांना ओळखले होते, आणि त्यांच्यावर खटलाच भरला गेला नव्हता! प्रत्येकाला पाच लाख रुपये द्यावेत आणि दोषी पोलीस अधिकाऱ्यांवर कारवाई व्हावी, असा आदेश झाला. सोळा वर्षे गेली होती. आणि झोपडीतल्या त्या कुटुंबाला तरी कोणता न्याय मिळाला? खरे गुन्हेगार कोण, हे कोणाला कळले?

भटक्यांविषयीचा संशय आम्हा धुळेकरांना परका नाही. १ जुलै २०१८ रोजी साक्री तालुक्यातील राईनपाडा येथे, मुले पळविणारी टोळी आल्याच्या अफवेवरून, भिक्षा मागत आलेल्या नाथपंथी डवरी गोसावी समाजाच्या पाच जणांना जमावाने ग्रामपंचायतीच्या कचेरीत कोंडून ठेचून मारले. तो आठवडी बाजाराचा दिवस होता, आणि रविवारही होता. जमावाला पुरावा लागला नाही. जालन्याच्या खटल्याला दस्तऐवज, साक्षी, तीन न्यायालये सारे काही होते, आणि दहा वर्षे उलटेपर्यंत त्याचा निर्णय त्याच संशयाच्या वाटेने गेला.

दुसरे उदाहरण पुण्याचे. ऑगस्ट १९९४ मध्ये तेथे एका घरातील सात जण मारले गेले. त्यांत एक गरोदर स्त्री आणि दोन लहान मुले होती. त्याहून भयंकर काही कल्पिणे कठीण. आरोपींत राजस्थानातील बिकानेरकडचा एक मुलगा होता. खटल्याच्या कागदांत तो प्रौढ ठरला, १९९८ साली त्याला फाशी झाली, २००० साली सर्वोच्च न्यायालयाने ती कायम केली. शाळेत त्याचे नाव एक होते, खटल्यात दुसरे. प्रोजेक्ट ३९ अ ने त्याचे प्रकरण हाती घेतले. २०१८ मध्ये सर्वोच्च न्यायालयात त्याच्या वयाचा अर्ज गेला, न्यायालयाने पुण्याच्या जिल्हा न्यायाधीशांकडून चौकशी करविली, आणि गावच्या शाळेतील जन्मतारखेच्या नोंदीवरून निष्पन्न झाले, की गुन्ह्याच्या दिवशी तो १२ वर्षे ६ महिन्यांचा होता. बालगुन्हेगार म्हणून त्याला जास्तीत जास्त तीन वर्षे ठेवता आले असते. २७ मार्च २०२३ च्या निकालाने तो नागपूरच्या तुरुंगातून बाहेर पडला तेव्हा अठ्ठावीस वर्षांहून अधिक काळ लोटला होता, आणि त्यातला बराचसा फाशीच्या छायेत. त्याचे नाव येथे देत नाही. बालकाचे नाव छापू नये असा कायदा आहे, जो त्याच्या वाट्याला इतक्या उशिरा आला.

हा मुलगा निर्दोष होता असे कोणी म्हटलेले नाही. शिक्षक असलेल्या आमच्या वाचकांनी मात्र त्या नोंदवहीचा विचार करावा. गावच्या शाळेतल्या कोणा गुरुजींनी एका दुपारी एका मुलाची जन्मतारीख टाकाने लिहिली. तीन न्यायालयांच्या वकिलांपैकी कोणीही त्या गावी जाऊन ती वही उघडली नाही.

न्यायालयेही काही शिकली आहेत, हे सांगितले नाही तर अन्याय होईल. मे २०२२ मध्ये मनोज विरुद्ध मध्य प्रदेश राज्य या निकालात सर्वोच्च न्यायालयाने सांगितले, की फाशी मागायची असेल तर आरोपीच्या घरच्या परिस्थितीची, मनःस्वास्थ्याची आणि तुरुंगातील वागणुकीची माहिती न्यायासनासमोर आलीच पाहिजे. त्या निकालपीठाचे एक न्यायमूर्ती सोलापूरच्या घराण्यातले उदय लळित होते. त्याच वर्षी शिक्षेवरील सुनावणी कशी असावी हा प्रश्न पाच न्यायाधीशांच्या पीठाकडे सोपविण्यात आला. वर्गात सुरू झालेली पद्धत निकालपत्रात पोहोचली, याचे श्रेय सुरेंद्रनाथ आणि त्यांच्या सहकाऱ्यांना देण्यास आम्हाला संकोच वाटत नाही. तरी २०२४ च्या अखेरीस देशात ५६४ माणसे फाशीच्या शिक्षेखाली होती. ३८५ ची पहिली मोजदाद झाली त्यापेक्षा पुष्कळ अधिक.

आपल्या ख्रिस्तसभेची वाटचालही अशीच पावलापावलाने झाली. १९९२ च्या धर्मशिक्षणग्रंथाने फाशीला जागा ठेवली होती. २५ मार्च १९९५ च्या परिपत्रकात पोप जॉन पॉल दुसरे यांनी ती जागा जवळजवळ बंद केली. अशी प्रकरणे आता अत्यंत विरळ, नसल्यातच जमा, असा त्यांचा आशय होता. ऑगस्ट २०१८ मध्ये पोप फ्रान्सिस यांनी ग्रंथातील तो परिच्छेदच बदलून फाशी अस्वीकार्य ठरविली. ‘दुर्मीळ’ हा शब्द आपल्या न्यायालयाने १९८० मध्ये वापरला, रोमने १९९५ मध्ये त्याच्या जवळचा. रोम पुढे गेले, न्यायालय तेथेच आहे. आणि आमच्या आवारातील चहा? आमच्या ऐकण्यात तरी २०१८ चा तो बदल एकाही प्रवचनात आलेला नाही. दोष व्यासपीठाचाच आहे असे नाही. आम्ही तो ऐकून घेतला असता काय?

आणखी दोन तक्रारी आहेत. पहिली, हे सारे अहवाल इंग्रजीत आहेत, आणि तेही वकिली वळणाच्या. ज्या आयांनी आपली कहाणी सांगितली, त्यांच्यापैकी कितीजणींना ते वाचता येतील? महाराष्ट्रातील निम्मे कैदी ज्या समाजांतून आले, त्यांच्या भाषेत, निदान मराठीत, एक संक्षिप्त आवृत्ती निघायला हवी. दुसरी तक्रार अशी, की एका माणसाविषयी वाचता वाचता त्याचा टक्का होतो. पान उलटले की तो गेला. पहिल्या खंडात एखादा माणूस शेवटपर्यंत सोबत राहिला असता तर आमच्यासारख्या वाचकाला चालायला हात मिळाला असता.

प्राध्यापकांनी कायदा शिकवता शिकवता कोर्टाबाहेर पाऊल टाकणे आमच्या भागाला अगदीच अपरिचित नाही. वसुधा धागमवार यांनी तेव्हाच्या धुळे जिल्ह्यातील अक्राणी-अक्कलकुव्याच्या डोंगरांत भिल्लांच्या जमिनीचे प्रश्न अभ्यासले. १९७९ साली मथुरा प्रकरणी सरन्यायाधीशांना अनावृत पत्र लिहिणाऱ्या कायद्याच्या चार प्राध्यापकांत त्या होत्या, पुण्याचे रघुनाथ केळकर होते. ते पत्र लिहिले गेले तेव्हा चंद्रपूरकडच्या एका आदिवासी मुलीला न्याय नाकारला गेला होता. सुरेंद्रनाथ ज्यांची बाजू मांडतात त्यांतील काहींनी तशाच मुलींवर अत्याचार केलेले असतात. दोघांची कामे एकाच पंक्तीत बसवताना आमचा हात थोडा अडखळला. मग धागमवारांचे आदिवासी आणि कायदा यांविषयीचे लेखन पुन्हा चाळले. डोंगरातल्या माणसाला कचेरीतले बोलणे कळत नाही आणि कचेरीला त्याचे, ही त्यांची तक्रार फाशीच्या कैद्यांच्या तोंडीही जशीच्या तशी आहे.

ज्या विद्यार्थिनीने हे खंड आणून दिले, तिला ते परत करायला आम्ही गेलो. निवेदनावरच्या सहीची गोष्ट तिला सांगितली. तिने त्यावर काही म्हटले नाही. यंदा तिच्या प्रात्यक्षिकाच्या वहीत शिबिराऐवजी जिल्हा तुरुंगातील कच्च्या कैद्यांच्या भेटी लिहायच्या आहेत, त्यासाठी विधी सेवा प्राधिकरणाकडे अर्ज द्यायचा आहे, आणि अर्जाचे मराठी जरा तपासून हवे होते. आम्ही दोन ठिकाणी ऱ्हस्वदीर्घ दुरुस्त केले.